नाक, जीभ आणि पन्नास गुण

बेल्जियममधलं दिनां हे गाव म्यूझ नदी आणि तिच्या काठाचा उभा कडा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलं आहे. कड्यावर किल्ला, पायथ्याशी कांद्याच्या आकाराच्या घुमटाचं चर्च आणि समोरच्या पुलावर ओळीने उभे केलेले रंगीबेरंगी सॅक्सोफोन. ते वाद्य घडवणारा अडॉल्फ साक्स 1814 मध्ये याच गावात जन्मला. चर्चपासून नदीच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला चालत निघालं की वीसेक मिनिटांत लेफ नावाची वस्ती लागते. तिथल्या मठाचं नाव आज जगभरच्या दुकानांत बाटल्यांवर छापलेलं दिसतं, म्हणून मी मुद्दाम तिथवर गेलो होतो.

मठाच्या भिंतीशी उभा राहून मी नेहमीच्या सवयीने हवेचा वास घेतला. जिथे बिअर शिजते तिथे तो लपत नाही. मोड आणून वाळवलेल्या सातूचं पीठ गरम पाण्यात कालवल्यावर येतो तसा गोडसर, पोटात भूक जागी करणारा वास अख्ख्या गल्लीत भरून राहतो. इथे मात्र ओल्या दगडांचा आणि नदीचा वास होता. कारण साधं आहे. लेफची बिअर या मठात बनत नाही. ती सत्तर-ऐंशी किलोमीटरवरच्या लूव्हेन शहरात, स्टेला आर्टुआच्या प्रचंड कारखान्यात बनते आणि तिची मालकी एबी इनबेव्ह या जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीकडे आहे.

हे मला आधीपासून माहीत होतं. तरीही परत येऊन नदीकाठच्या एका कॅफेत बसलो, रुंद तोंडाच्या पेल्यात लेफ ब्लाँड आली, समोर कडा आणि संध्याकाळचं ऊन होतं, आणि मी वहीत पन्नासपैकी 41 गुण लिहिले. पुढे घरी, बाटली कोणती हे माहीत नसताना, त्याच बिअरला मी 36 दिले. या पाच गुणांचं काय झालं, ते कुठून आले होते आणि कुठे गेले, हे समजून घेणं म्हणजेच बिअर चाखायला शिकणं, असं मला आता वाटतं. हे प्रकरण त्या पाच गुणांबद्दल आहे.

आधी मठाची गोष्ट, कारण तीच पहिल्यांदा आपल्या नाकावर बसते. संत नॉर्बर्टने फ्रान्समधल्या प्रेमोंत्रे इथे 1120 च्या सुमारास एक पंथ सुरू केला. त्या पंथाच्या लोकांनी 1152 मध्ये लेफला मठ स्थापला. 1240 पासून तिथे बिअर बनत असल्याची नोंद आहे. 1460 मध्ये नदीला पूर आला, 1466 मध्ये आग लागली, आणि फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठच ओस पडला. विसाव्या शतकात तो पुन्हा नांदता झाला, पण पैशांची चणचण होती. तेव्हा मठाधिपती नीस यांनी 1952 मध्ये ओव्हरआयसे गावच्या अल्बेर लोटफूट नावाच्या व्यावसायिक ब्रुअरशी करार केला. बिअर त्याने त्याच्या ब्रुअरीत बनवायची, नाव मठाचं लावायचं आणि विक्रीचा ठरावीक वाटा मठाला द्यायचा. मठाचं नाव आणि बाहेरचा कारखाना यांची आज सर्रास दिसणारी जोडी अशा करारांतून रूढ झाली. आणि तेव्हा बनलेली पहिली बिअर गडद रंगाची होती. सोनेरी लेफ नंतर आली.

बाटलीवर ‘अ‍ॅबी’ असं लिहिलेलं दिसलं की म्हातारा साधू हंड्यात पळी फिरवतोय असं चित्र मनात येतं. ते चित्र खरं ठरण्याची सर्वांत जास्त शक्यता ‘ट्रापिस्ट’ या शब्दामागे असते. ट्रापिस्ट हा सिस्टर्शियन पंथातला कडक शिस्तीचा फाटा. आपलं नाव कोणीही वापरू नये म्हणून हे मठ कोर्टात गेले आणि 1962 मध्ये गेंट शहरच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. 1997 मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिचा षटकोनी शिक्का मिळवायचा तर बिअर मठाच्या आवारात, मठवासीयांच्या देखरेखीखाली बनली पाहिजे आणि उत्पन्न मठाचा निर्वाह व दानधर्म यांसाठीच जायला हवं. बेल्जियममध्ये आज असे पाच मठ आहेत: वेस्टमाल, वेस्टफ्लेटेरन, शिमे, ऑर्वाल आणि रोशफोर.

‘अ‍ॅबी बिअर’ हा शब्द याहून सैल आहे. बेल्जियमच्या ब्रुअर संघटनेने 1999 मध्ये त्यासाठीही एक शिक्का आणला. चालू असलेल्या किंवा बंद पडलेल्या एखाद्या खऱ्या मठाशी संबंध हवा आणि विक्रीतला वाटा मठाला किंवा त्याच्या वारशाची काळजी घेणाऱ्या संस्थेला मिळायला हवा, अशी त्याची साधारण अट. आफ्लिगेमच्या बेनेडिक्टाइन मठाची बिअर ऑपवाइकला बनते आणि त्या ब्रुअरीची मालकी हायनेकन कंपनीकडे आहे. फिनिक्स पक्ष्याचं चिन्ह मिरवणाऱ्या ग्रिमबर्गनच्या मठात मात्र 2021 मध्ये पुन्हा एक लहान ब्रुअरी उभी राहिली. या सगळ्याला मी फसवणूक म्हणणार नाही. मठाला हक्काचा पैसा मिळतो, इमारती टिकतात, आणि कारखान्यातली बिअर म्हणून ती आपोआप हलकी ठरत नाही. पण पेल्यात मठ नसतो. शिक्का बघून गुण वाढवू नयेत, आणि मोठ्या कंपनीचं नाव कळलं म्हणून रागाने कापूही नयेत. माझ्या ओळखीचे काही चोखंदळ चाखणारे दुसरी चूक करतात आणि तिला निर्भीडपणा समजतात. ती पहिल्या चुकीइतकीच चूक आहे.

आता पेल्यातल्या वस्तूकडे येऊ. सोनेरी अ‍ॅबी बिअर दिसायला जुनी वाटते, पण प्रकार म्हणून ती तरुण आहे. मठांची जुनी ओळख गडद बिअरची. 1842 मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावी पहिली लखलखीत सोनेरी लागर बनली आणि पुढच्या शंभर वर्षांत युरोपची नजरच सोनेरी रंगाला सरावली. बेल्जियमच्या मठांनी आणि ब्रुअरांनी त्याला आपल्या पद्धतीने उत्तर दिलं. वेस्टमाल मठाने 1934 मध्ये सोनेरी, जोरकस अशी ट्रिपल काढली. आज तिच्यात 9.5 टक्के मद्यार्क असतो. ब्लाँड ही तिची सौम्य धाकटी बहीण म्हणता येईल. पिल्सनर पिणाऱ्या माणसाला रंगाने जवळची वाटावी, पण पहिल्याच घोटात आपण दुसऱ्या घरात आलो आहोत हे कळावं, अशी तिची घडण. लेफ ब्लाँडमध्ये 6.6 टक्के मद्यार्क आहे. वेस्टफ्लेटेरनने आपली ब्लाँड 1999 मध्ये आणली. ती 5.8 टक्क्यांची आणि बरीच कडसर आहे.

बेल्जियन बिअर एवढी जोरकस का, यामागे एक कायदाही आहे. समाजवादी नेते एमिल व्हांडरव्हेल्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1919 च्या कायद्याने कॅफेंमध्ये कडक दारूच्या विक्रीवर बंदी आली. ती 1983 पर्यंत टिकली. ज्यांना पेल्यात थोडा जोर हवा होता ते बिअरकडे वळले आणि ब्रुअरांनी तो जोर पुरवला.

या जोराची युक्ती साखरेत आहे. नुसत्या सातूच्या माल्टने मद्यार्क वाढवायचा तर बिअर जडही होत जाते, कारण माल्टमधली काही साखर यीस्टला पचत नाही आणि ती पेल्यात उरते. साधी साखर मात्र यीस्ट पूर्ण संपवतं. मद्यार्क वाढतो, अंग हलकं राहतं. बेल्जियन ब्रुअर म्हणूनच उकळत्या काढ्यात बीटची साखर किंवा तिचा पाक घालतात. तिथल्या पुस्तकांत या साखरेला ‘कांडी’ साखर म्हणतात. दोऱ्यावर धरलेले तिचे स्फटिक म्हणजे आपली खडीसाखर. हा शब्द मूळ संस्कृत ‘खंड’ पासून निघून फारसी-अरबीतून युरोपात गेला. आपल्याकडे तोच ‘खांड’ आणि ‘खांडसरी’ मध्ये राहिला. प्रसादाच्या वाटीतला शब्द फ्लँडर्सच्या ब्रुअरीत भेटावा याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पण बिअरला बेल्जियन बनवतं ते यीस्ट. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्याच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. फक्त पिढ्यानपिढ्या ब्रुअरीत वाढलेलं. लागरचं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि मागे फारसा वास ठेवत नाही. हे यीस्ट वीस-पंचवीस अंशांच्या उबेत काम करतं आणि साखर पचवताना दोन प्रकारचे वास सोडतं. पहिले एस्टर, म्हणजे फळांचे वास. त्यातला आयसोअमाइल अ‍ॅसिटेट हा तर पिकल्या केळ्यात असतो तोच रेणू आहे, म्हणून बिअरमध्ये केळ्याचा वास येतो असं म्हणणं ही कल्पनेची भरारी नव्हे, सरळ वर्णन आहे. दुसरे फिनॉल, म्हणजे मसाल्याचे वास. धान्याच्या सालीतलं फेरुलिक आम्ल हे यीस्ट मोडतं आणि त्यातून लवंगेसारखा वास तयार होतो. खऱ्या लवंगेतला रेणू वेगळा आहे, पण दोघे चुलतभाऊ आहेत. बहुतेक देशांतल्या ब्रुअरांनी शतकानुशतकं निवड करत हा लवंगी गुण आपल्या यीस्टमधून घालवला, कारण त्यांना तो दोष वाटला. बेल्जियनांनी तो जपला. ब्लाँडमध्ये लवंगेची चाहूल नसेल तर मी ती बिअर चांगली म्हणेन, पण या प्रकारात तिला पूर्ण गुण देणार नाही.

चाखायला बसण्याआधीची तयारी थोडीच आहे, पण ती चुकली तर पुढचं सगळं फुकट जातं. बिअर बर्फगार नको. फ्रीजमधून काढून दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवली की ती सहा ते नऊ अंशांवर येते. त्याहून थंड असेल तर वास उठतच नाहीत. उदबत्ती, अत्तर, फोडणी यांपासून दूर बसावं. पेला रुंद पोटाचा आणि तोंडाशी किंचित आवळलेला असावा. तो साबणाने धुऊन साध्या पाण्याने भरपूर विसळलेला हवा, कारण तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिला की फेस बसतो. आणि एका वेळी साठ-सत्तर मिलिलिटर पुरे. 6.6 टक्क्यांच्या 330 मिलिलिटर बाटलीत साधारण 17 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. दोन बाटल्यांनंतर तुम्ही देता ते गुण तुमचे नसतात, त्या मद्यार्काचे असतात.

गुण देण्यासाठी मी बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची पन्नास गुणांची पद्धत वापरतो. स्पर्धांच्या परीक्षकांसाठी 1985 मध्ये सुरू झालेली ही अमेरिकी संस्था. तिच्या पत्रिकेत सुगंधाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10 गुण असतात. ही विभागणीच शहाणपणाची आहे. डोळ्यांना तीनच गुण! आपण माणसं डोळ्यांनी इतकं ठरवून टाकतो की त्यांना पन्नासांत तीनच गुण देणारी पद्धत पाहून मला प्रथम धक्का बसला होता.

तरी ते तीन गुण नीट द्यावेत. पेला तिरका धरून ओतायला सुरुवात करायची आणि शेवटी सरळ करायचा, म्हणजे दोन-तीन बोटं फेस येतो. रंग फिकट ते गडद सोनेरी, नुकत्याच पिवळ्या पडलेल्या गव्हाच्या लोंबीसारखा. फेस पांढरा, बारीक, टिकणारा. पीत जाल तशी पेल्याच्या आतल्या अंगाला फेसाची जाळी राहते. तिला ब्रसेल्सची लेस म्हणतात. घरी चाखलेल्या त्या बाटलीचा फेस चार मिनिटांनीही बोटभर उरला होता आणि जाळी तीन वळ्यांत बसली होती. तीनपैकी तीन.

आता सुगंध. इथे थांबायचं, घाई करायची नाही. ओतल्याबरोबर लगेच वास घ्यायचा, कारण हलके रेणू पहिल्या मिनिटात उडून जातात. दोन छोटे हुंगे, मग विसावा. नाक थकलं तर आपल्याच मनगटाचा किंवा शर्टाच्या बाहीचा वास घ्यायचा. ओळखीच्या वासाने नाक ताळ्यावर येतं. आणि मग, गुण लिहिण्याआधी, शब्द लिहायचे. जे शब्द आपल्या घरात आहेत तेच.

हा माझा आग्रह आहे. बिअरची बहुतेक पुस्तकं युरोपच्या स्वयंपाकघरातून लिहिलेली आहेत. ती वाचून आपणही त्यांतल्या बोरांची आणि बिस्किटांची नावं लिहायला लागतो, ज्यांतली निम्मी आपण कधी हुंगलेलीही नसतात. असा शब्द पुढच्या वेळी काहीच आठवून देत नाही. माझ्या वहीत लेफ ब्लाँडच्या सुगंधापुढे असं लिहिलं आहे: काळे ठिपके पडलेलं वेलची केळं, डब्याचं झाकण उघडल्यावर येतो तेवढाच लवंगेचा वास, मोसंबी सोलल्यावर बोटांना राहतो तो वास, पावाचा आतला गर, तळाशी मध, पण जुना, दाटलेला. थोडी व्हॅनिला. हॉप्स जवळपास नाहीत. एवढ्या शब्दांवर मी दोन वर्षांनीही ती बिअर नाकापुढे उभी करू शकतो. केळं जरा पुढे येत होतं आणि बाकीच्यांना बोलू देत नव्हतं, म्हणून बारापैकी आठ.

चवीला वीस गुण आहेत, आणि यातलाही मोठा हिस्सा नाकाचाच आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी सगळं घोट गिळल्यावर घशामागून नाकात चढणारी वाफ सांगते. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. गोडवा कळेल, शेवटचा कडवटपणा कळेल, केळं आणि लवंग गायब. चिमूट सोडा, दोघं एकदम परत येतील. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे परीक्षक थोडासा का होईना गिळतात, कारण बिअरचा कडवटपणा मागाहून येतो आणि तो किती रेंगाळतो हे बघणं हाच अर्धा निर्णय असतो.

चांगल्या ब्लाँडची चव तीन टप्प्यांत चालते. जीभ भेटते ती धान्याच्या गोडव्याला, भाजून दळलेल्या सातूसारख्या. मग मध्ये फळ आणि मसाला उमलतात. आणि शेवटी गोडवा मागे हटायला हवा. जीभ कोरडी, स्वच्छ व्हायला हवी, पुढचा घोट मागणारी. हा शेवट सर्वांत अवघड आहे आणि बहुतेक ब्लाँड इथे गुण गमावतात. वर सांगितलेली साखरेची युक्ती याच शेवटासाठी असते. हॉप्सचा कडवटपणा मेथीच्या भाजीहूनही कमी, फक्त गोडवा सावरण्यापुरता. मद्यार्काची ऊब घशात जाणवली तर हरकत नाही, चटका नको. लेफमध्ये पहिले दोन टप्पे सुरेख आहेत. तिसऱ्यात ती अडखळते. गोडवा पूर्ण हटत नाही, ओठांना किंचित चिकटपणा राहतो. वीसपैकी चौदा.

तोंडातला स्पर्श म्हणजे वजन आणि बुडबुडे. ब्लाँडचे बुडबुडे भरपूर पण बारीक असावेत, जिभेवर मऊ फेस व्हावा, टोचणी नको. पाचपैकी चार.

एखाद्या बाटलीत मठही नसतो आणि ब्रुअरही नसतो, फक्त दुकानाची फळी असते. एका दुकानात उन्हाच्या तिरिपेत ठेवलेली दुसऱ्या एका ब्रुअरीची ब्लाँड मी घेतली होती. पेल्यात ओतली आणि पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याचा वास आला. हा जुनेपणाचा, बाटलीत शिरलेल्या ऑक्सिजनचा दोष. प्रकाशाचा दोष वेगळा असतो: ऊन हॉप्समधल्या घटकांना मोडतं आणि त्यातून उग्र, कुजट गंधकाचा वास निघतो. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हिरवी फारच कमी. लोण्याचा वास, मका उकडल्याचा वास, नेलपॉलिशचा वास हे सगळे बनवण्यातले दोष. लवंग हद्दीबाहेर गेली की दवाखान्यातल्या औषधी पट्टीचा वास येतो. पुठ्ठ्याचा वास आला तर शक्य असेल तेव्हा ताजी बाटली मिळवून पुन्हा चाखावी आणि मगच गुण लिहावेत. फळीचा दोष ब्रुअरच्या नावावर टाकणं अन्यायाचं आहे.

एकूण परिणामाला मी दहापैकी सात दिले. आठ, तीन, चौदा, चार, सात. छत्तीस. या पद्धतीत 30 ते 37 गुणांची बिअर ‘फार चांगली’ समजली जाते. 38 पासून 44 पर्यंत ‘उत्कृष्ट’. 45 च्या वर पोचणाऱ्या बिअर हाताच्या बोटांवर मोजाव्यात.

मग दिनांचे 41 कसे आले? सुगंधाला तिथे मी दहा लिहिले होते, चवीला सोळा, एकूण परिणामाला आठ. रूप आणि स्पर्श तेच राहिले. नेमक्या त्या जागी गुण फुगले जिथे मन सर्वांत मोकळं असतं. बोर्दोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावर नेमका प्रकाश टाकतो. त्यांनी वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, आणि विद्यार्थ्यांनी तिच्या वासाचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ती मुलं खोटं बोलत नव्हती. डोळ्यांनी सांगितलेलं नाकाने प्रामाणिकपणे ऐकलं. माझ्या नाकाने नदी, कडा आणि बारावं शतक ऐकलं.

याची दुसरी बाजू लूव्हेनमध्येच दिसली. तिथल्या विद्यापीठातले केव्हिन व्हर्स्ट्रेपेन आणि सहकाऱ्यांनी 250 बेल्जियन बिअरची तपासणी केली. प्रत्येकीतले दोनशेहून जास्त रासायनिक गुणधर्म मोजले, प्रशिक्षित चाखणाऱ्यांची मतं घेतली आणि वर सामान्य ग्राहकांचे 1,80,000 हून जास्त अभिप्राय संगणकाला शिकवले. 2024 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. रसायनांच्या आकड्यांवरून एखादी बिअर लोकांना किती आवडेल याचा अंदाज संगणक बऱ्यापैकी बांधू शकला. त्याने सुचवलेले घटक एका बाजारातल्या बिअरमध्ये वाढवले तेव्हा चाखणाऱ्यांना ती जास्त आवडलीही. म्हणजे आवड ही नुसती लहर नाही. तिची मुळं पेल्यातच आहेत. पण ग्राहकांच्या अभिप्रायांत किंमत आणि नावलौकिक मिसळलेले असतात, याचा हिशोब त्या संशोधकांनाही ठेवावा लागला.

तो हिशोब घरी ठेवायचा उपाय सोपा आहे. मी येताना लेफच्या दोन बाटल्या आणल्या होत्या. बहिणीने त्या आणि आणखी एक ब्लाँड आतल्या खोलीत ओतली आणि तीन सारखे पेले बाहेर आणले. तळाला एक, दोन, तीन असे कागद चिकटवलेले. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. वेगळी कोणती ते ओळखायचं. ब्रुअरीत या चाचणीला त्रिकोणी चाचणी म्हणतात. ती पार पडली तरच पुढे गुण द्यायचे, कारण ज्याला फरकच कळला नाही त्याच्या गुणांना अर्थ नाही. मी दुसरा पेला वेगळा काढला आणि तो बरोबर निघाला. मग उरलेल्या दोन पेल्यांना, म्हणजे एकाच बिअरला, स्वतंत्र गुण दिले. एकाला 36, दुसऱ्याला 35. पन्नासांत एक-दोन गुणांचा फरक ही माणसाच्या जिभेची मर्यादा समजावी. पाचांचा फरक तिच्यात बसत नाही.

तुम्ही हे करून बघणार असाल तर एकच विनंती. कागदाची घडी घाला, वरच्या अर्ध्यात शब्द लिहा, खालच्या अर्ध्यात आकडे, आणि शब्द पूर्ण झाल्याशिवाय घडी उघडू नका. बाटलीवरचं लेबल त्यानंतर वाचा. मठाची गोष्ट तेव्हाही तितकीच सुंदर लागते.

माझ्या वहीत दिनांचे 41 गुण मी खोडलेले नाहीत. त्यांच्यासमोर ‘नदीकाठी, संध्याकाळी’ असं लिहिलं आहे. लेफ ब्लाँडचे गुण 36.